अंगठ्याखालचं वचन

टोपली तिसऱ्या बाकापाशी आली तेव्हा माझा उजवा अंगठा पार बधिर झाला होता. टोपलीच्या काठावर, पांढऱ्या रुमालाच्या घडीत, त्या अंगठ्याखाली मी एक चिठ्ठी दाबून धरली होती. ती रिबाताईसाठी होती.

"डोळे मीट की," मी पुटपुटले.

"मिटते गं. तुला कसली घाई?" माझी थोरली बहीण म्हणाली. तिने डोळे मिटले, ओठ हलवले आणि हात पुढे केला. मी टोपली अर्धा इंच पुढे सारली. तिची बोटं माझ्या अंगठ्याला लागली, मी अंगठा उचलला, आणि चिठ्ठी तिच्या हातात गेली.

हे मला सफाईने जमायचं, कारण ते माझं तिसरं वर्ष होतं.

आमच्या मंडळीत एक जानेवारीच्या सकाळी वर्षाचं वचन उचलायची रीत होती. पाळकांच्या यादीतली शंभरसव्वाशे शास्त्रवचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, चार घड्या घालायच्या आणि मिशनच्या बोर्डिंगातल्या भाकरीच्या टोपलीत टाकायची. प्रत्येकाने मनात प्रार्थना करून एक उचलायची. जे निघेल ते प्रभूने त्या माणसाला त्या वर्षासाठी दिलेलं. माझं अक्षर वळणदार, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. आणि बोर्डे पाळकांचं म्हणणं असं, की जिने लिहिलं तिनेच वाटावं, म्हणजे तिला सेवेची सवय लागेल. पाळकांना माणसांची पारख कमी होती, असं तेव्हा मला वाटायचं.

माणसांची पारख मला होती. माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. पुढून इतिहास, मागून मंडळी. मागच्या पानांवर प्रत्येकाच्या नावाचा रकाना होता. शामुवेलकाका म्हस्के, मंडळीचे पंच: उपदेशात डुलक्या तीन, घोरणे एक. मार्थाआजी पारधे: प्रार्थनेत याकोबाचं नाव नऊ वेळा. हा याकोब म्हणजे आजींचा मुलगा. तो मुंबईला बोटीवर कामाला गेला, त्याला चार वर्षं झाली होती आणि त्याचं पत्र एकही नव्हतं.

दोन वर्षं मी शामुवेलकाकांच्या हातात जागं राहायला सांगणारं वचन दिलं होतं. दोन्ही वर्षं तेच. काकांनी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आणि पहाटे चार वाजता प्रार्थनेसाठी घंटा वाजवायला सुरुवात केली. काकूंचा चेहरा त्या दिवसापासून सुजलेला दिसायचा. हे सगळं वहीत होतं.

या वर्षी काकांना मी मोकळं सोडलं. या वर्षी मार्थाआजींना हरवलेलं सापडतं अशा अर्थाचं वचन दिलं, कारण नऊ वेळा याकोब ऐकून माझाच जीव दमला होता. आणि ताईला दिलं ते पाळकांच्या यादीत नव्हतंच. ते मी स्वतः शोधून घरी लिहिलं होतं. जिथे आहेस तिथेच स्थिर राहा, असा त्याचा अर्थ.

ताईने चिठ्ठी उघडली. वाचली. मग पुष्कळ वेळ कागदाकडे नुसतीच बघत राहिली. शेजारी आई होती. ताईने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. आईने वाचली आणि मान खाली घातली.

त्याचं असं होतं. ताईला मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली होती. पत्र नाताळाच्या आठवडाभर आधी आलं होतं, आणि दहा जानेवारीच्या आत हजर व्हायचं होतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात साठ मुलींचा स्वयंपाक करायची. तिने बाबांची पत्र्याची पेटी धुऊन घेतली होती आणि रंगाऱ्याकडून तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: कु. रिबेका त्रिभुवन, मिरज. आमच्या घरात नवीन रंगाचा वास त्या पेटीलाच काय तो होता.

ताईचं मात्र ठरत नव्हतं. "मी प्रभूला विचारलंय," ती म्हणायची. "एक तारखेला वचनातून सांगेल."

"तो काय सांगणार, जा म्हणूनच सांगेल," आई म्हणायची.

मी पंधरा वर्षांची, दहावीतली मुलगी. बाबा गेल्यापासून ताईच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय मला झोप लागत नव्हती. हे वहीत कुठेच नव्हतं. माझ्या नावाचा रकानाच नव्हता त्यात.

उपासना सुटल्यावर घरी येताना आई एवढंच म्हणाली, "त्याची इच्छा." गुरुवारी तिने पेटीचं झाकण उघडलं आणि आत गहू भरले. मी घमेल्याने गहू ओतू लागले. पत्र्यावर दाणे पडताना मोठा आवाज होत होता.

"हळू ओत," आई म्हणाली. "रंग जाईल नावाचा."

मला हवं होतं ते मिळालं होतं. पण गंमत अशी की मला ते मिळाल्यासारखं वाटेना. मी रोज प्रार्थनेला बसायचे आणि पहिल्याच वाक्याला अडखळायचे. ज्याच्या नावावर मी चिठ्ठी खपवली, त्याच्याशी बोलायचं काय? तो नसेलच तर मी भिंतीशी बोलतेय, आणि असेल तर त्याने माझा अंगठा पाहिलाय. दोन्हीकडून माझीच पंचाईत.

त्यातच येत्या रविवारी आमची कबुली होती.

पंधरा वर्षं झालेल्या मुलामुलींनी मंडळीपुढे उभं राहून विश्वासाची कबुली द्यायची, आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. त्याआधी आपण आईबापांच्या विश्वासावर देवळात बसलेलो असतो, त्यानंतर स्वतःच्या. पाळक पाच प्रश्न विचारायचे. चारांची उत्तरं पाठ केलेली असायची. पाचवा असा: "ही कबुली तू कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनाने देतेस का?" त्याला फक्त "होय" म्हणायचं.

शनिवारी दुपारी सराव होता. आम्ही चौघं होतो. पाचव्या प्रश्नाला माझा "होय" इतका बारीक आला की पाळकांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस, सलोमी?"

"होय म्हणाले."

"मला वाटलं खोकलीस." ते चष्म्यावरून बघत होते. "उद्या जरा मोठ्याने. मागच्या बाकावर म्हातारी माणसं असतात."

घरी आले तर ताई अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. ताटातला एक खडा उचलला, दुसरा उचलला.

"ताई, तुझं मन काय म्हणतं?"

"कशाबद्दल?"

"मिरजेबद्दल."

"मनाचं काय विचारतेस? वचन आलं ना."

"पण समजा… चिठ्ठी चुकली असेल. म्हणजे दुसऱ्या कोणाची तुझ्याकडे आली असेल."

ताईने ताट हलवलं. तांदूळ एका बाजूला सरकले.

"चिठ्ठी चुकते का कधी, सलू? तू लिहितेस, तुला ठाऊक."

"मला काय ठाऊक असणार?"

"मग झालं तर," ती म्हणाली. "तुझा पांढरा फ्रॉक दोरीवर आहे, वाळला असेल. उद्या सुरकुतलेला घालू नकोस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माणूस चिडलं की त्याला काहीतरी उलट बोलता येतं.

रविवारी देऊळ भरलं होतं. कबुलीच्या रविवारी न येणारेही येतात, कारण नंतर चहा आणि शेव असते. आम्ही चौघं वेदीपुढे एका ओळीत उभे होतो. मी शेवटी. पहिल्या बाकावर शामुवेलकाका जागे होते. त्यांच्यामागे मार्थाआजी. तिसऱ्या बाकावर आई आणि ताई. आईने बाबांच्या वेळची मोरपंखी साडी काढली होती.

चार प्रश्न आम्ही एका सुरात उडवले. पाचवा एकेकाला होता. पहिला मुलगा "होय" म्हणाला. दुसरी म्हणाली. तिसरा इतक्या जोरात ओरडला की मागची म्हातारी माणसं दचकली.

पाळक माझ्यापुढे आले.

"सलोमी त्रिभुवन, ही कबुली तू कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनाने देतेस का?"

मी तोंड उघडलं. देवळात कोणीतरी खाकरलं. मला दिसत होतं ते एवढंच, की ताई माझ्याकडे बघते आहे आणि तिचे ओठ एक तारखेसारखे हलताहेत. उद्या सोमवार. उद्या सकाळची गाडी सुटली की नंतर मिरजेला वेळेत पोचायचं म्हणजे सगळी धावपळ, आणि पेटीत गहू.

"पाळकसाहेब," मी म्हणाले, "आधी मला दुसरी कबुली द्यायची आहे."

"दुसरी कोणती?"

"चिठ्ठ्यांची."

पाळकांनी पुस्तक मिटलं, पण बोट आतच ठेवलं. "कबुली द्यायलाच उभी आहेस," ते म्हणाले. "दे."

"रिबाताईला वचन आलं ते प्रभूने दिलेलं नाही. मी दिलं. तुमच्या यादीत नव्हतं ते. मी घरी लिहिलं आणि टोपलीच्या काठाला अंगठ्याखाली धरून ठेवलं. ती जाऊ नये म्हणून."

आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग शामुवेलकाका उभे राहिले. सावकाश, गुडघ्यावर हात देऊन.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझं ते जागं राहण्याचं…"

"तेही मीच, काका."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही वर्षं."

काका उभेच राहिले. त्यांच्या शेजारी काकू होत्या. दोन वर्षं पहाटे चारला उठलेल्या त्या बाईने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. रडताहेत की हसताहेत, हे मला, इतकी पारख असूनही, सांगता आलं नसतं.

"आन माझं, पोरी?"

मार्थाआजी बसल्या जागेवरूनच विचारत होत्या. त्यांना दिसायचं कमी आणि वाचता तर मुळीच यायचं नाही. चिठ्ठी त्या रोज कोणा ना कोणाकडून वाचून घेत आणि पुन्हा बटव्यात ठेवत.

"माझं तर खरं हाय न्हवं?"

मी ताईचं सांगितलं होतं, काकांचं सांगितलं होतं. जीभ सैल झालेली होती. अजून एक वाक्य, आणि सगळं स्वच्छ. मी आजींच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमचं तुम्ही उचललंत, आजी," मी म्हणाले.

आजींनी मान डोलावली आणि बटव्यावर हात ठेवला.

पाळकांनी पुस्तकातलं बोट काढलं. "चार प्रश्नांची उत्तरं तू दिलीस," ते म्हणाले. "पाचवा उरला आहे. तो आज विचारत नाही. जाऊन बस."

मी आईशेजारी जाऊन बसले. प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकावरून फिरली. ती माझ्यासमोरून आईकडे गेली. आईने तुकडा घेतला आणि चावता चावता, माझ्याकडे न बघता, माझ्या मांडीवर हात ठेवला. तो हात जड होता. मारायला ठेवलाय की धरायला, हे तिचं तिलाही ठरवता येत नसावं.

बाहेर चहा सुरू झाला. माझ्याशी कोणी बोलेना, पण प्रत्येकजण खिशातली, पाकिटातली, चष्म्याच्या घरातली आपापली चिठ्ठी काढून उन्हात धरून बघत होता. मी देवळामागे चिंचेखाली गेले. ताई मागून आली.

"घे," ती म्हणाली आणि चिठ्ठी उघडून माझ्या हातात दिली.

माझंच वळणदार अक्षर. आणि खालच्या कोपऱ्यात, घडीच्या बाहेरच्या बाजूला, निळा डाग. तो नुसता डाग नव्हता. रेषा न् रेषा उठली होती. त्या थंडीत माझं शाईचं पेन गळत होतं आणि अंगठा महिनाभर निळाच होता. घामाने तो कागदावर उमटला होता.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं?"

"टोपली हातात घेऊन एवढं थरथरणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मग हा अंगठा दिसला."

"मग बोलली का नाहीस? आईने गहू भरले तरी बोलली नाहीस."

"काय बोलायचं?" ताई खाली बसली आणि चिंचेचा वाळका पाला बोटाने बाजूला करू लागली. "मी प्रभूला विचारलं होतं, जाऊ की नको. मला वाटलं, ही पोर देवाच्या टोपलीत हात घालण्याइतकी घाबरली आहे, तर हेच उत्तर. हिला सोडून नाही जायचं. ते वचन तू दिलं असलंस तरी मला खरंच लागू पडत होतं."

"आणि आता?"

"आता तू सगळ्यांपुढे उभी राहिलीस. माझा हात न धरता." ती उठली आणि परकरावरचा पाला झटकला. "आता मला इथे थांबायला कारण उरलं नाही. चल, पेटी मोकळी करायला लाग. आईला एकटीला पेलायची नाही."

सोमवारी सकाळी ताई गेली. घाईत उपसलेल्या पेटीच्या कोपऱ्यांत गहू राहिले होते. मिरजेहून तिच्या पहिल्या पत्रात दोन दाणे आले, आणि खाली एक ओळ: ओढणी तुझ्या उशीखाली ठेवली आहे, पण तिच्याशिवाय झोपून बघ. मी बघितलं. पहिले तीन दिवस अवघड गेले. चौथ्या दिवशी मी वहीच्या मागच्या बाजूला एक नवीन रकाना आखला आणि त्यावर माझं नाव घातलं. पुढे चौतीस वर्षं ताई तिकडेच नोकरीला होती. तिच्या हाताखाली तयार झालेल्या नर्सा अजून मला पत्रातून मावशी म्हणतात.

शामुवेलकाकांनी पहाटेची घंटा थांबवली नाही. "आता सवय झाली," म्हणाले. काकूंनी मात्र माझ्याशी बोलणं सुरू केलं ते पुढच्या नाताळात.

राहिला माझा पाचवा प्रश्न. पाळकांनी तो मेच्या तिसऱ्या रविवारी विचारायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी मी लवकर देवळात गेले, तर पायरीवर मार्थाआजी बसल्या होत्या. हातात निळं आंतरदेशीय पत्र.

"सलोमी हाय का? ये. याकोबाचं आलं," त्या म्हणाल्या. "कालच आलं. पाळकानं वाचलं. तू पुन्यांदा वाच."

मी वाचलं. तो जिवंत होता, कांडला बंदरात होता, पाय मोडून बरा झाला होता, लाजेने लिहिलं नव्हतं. मी वाचत असताना आजींनी बटवा उघडला आणि चिठ्ठी काढली, पत्राच्या घडीत ठेवायला. घड्या घालून घालून ती फाटायला आली होती.

"ह्ये बघ," त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मला अक्षर दिसत न्हाई, पर ह्ये दिसतं. द्येवानं अंगठा उठवलाय. मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. त्यो बी माझ्यावानीच, साळा न शिकलेला."

निळा अंगठा. रेषा न् रेषा.

घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मी पायरीवर बसले.

"आजी, मी त्या दिवशी खोटं बोलले. तो अंगठा माझा आहे."

आजींनी माझा उजवा हात ओढून घेतला. अंगठा चिठ्ठीवर धरला, डोळे अगदी जवळ नेले, आणि कितीतरी वेळ दोन्हीवरून आपलं खरबरीत बोट फिरवलं.

"हाय खरा तुझाच," त्या म्हणाल्या.

"मला माफ करा."

"आन पत्र? त्ये बी तूच लिवलंस?"

"नाही, आजी."

"बोटीवर त्याचा पाय तू मोडलास?"

"नाही."

"मग झालं की," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी पत्रात, पत्र बटव्यात ठेवलं. "अंगठा तुझा असंल. उठवून कुनी घेतला, त्ये तुला काय ठावं?"

माझ्या वहीत प्रत्येक माणसाबद्दल काहीतरी होतं. हे कोणाच्या रकान्यात घालायचं?

आत शामुवेलकाकांनी घंटा ओढली. आजींनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि उठल्या. "चल," म्हणाल्या. "तुझा योक सवाल ऱ्हायलाय न्हवं? मी मागं बसत्ये. मोठ्यानं सांग."